शेट्टीहळ्ळीचं चर्च आणि २९२२ फूट

इन्स्टाग्रामवर शेट्टीहळ्ळी शोधलंत तर एकाच चर्चचे दोन प्रकारचे फोटो दिसतात. एका प्रकारात चहूकडे पाणी, मधोमध छप्पर नसलेल्या भिंती, निमुळत्या कमानींचे अर्धेच भाग वर आणि खाली त्यांचं प्रतिबिंब. दुसऱ्या प्रकारात त्याच कमानी पायापर्यंत उघड्या, आजूबाजूला भेगाळलेली जमीन आणि चरणाऱ्या गायी. पहिल्याखाली ‘तरंगतं चर्च’ लिहिलेलं असतं, दुसऱ्याखाली ‘प्राचीन अवशेष’.

दोन्ही शब्द चुकीचे आहेत. चर्च तरंगत नाही, ते जमिनीतच रोवलेलं आहे. वरखाली होतं ते पाणी. आणि प्राचीन म्हणावं इतकं ते जुनंही नाही. ही इमारत १८६०च्या दशकातली. म्हणजे मुंबईत बोरीबंदरच्या स्टेशनची आजची इमारत उभी राहायला अजून वीसेक वर्षं होती, त्या काळातली. बोरीबंदरवरून आजही लोकल सुटतात. शेट्टीहळ्ळीचं चर्च मात्र भग्नावशेष झालं. ते काळाने नाही, १९७९ साली पूर्ण झालेल्या एका धरणाने.

मी बंगळुरूत राहतो. इथून हासन साधारण १८० किलोमीटर, आणि हासनपासून शेट्टीहळ्ळी आणखी वीसेक किलोमीटर. एका वर्षात मी तिथे दोनदा गेलो, एकदा ऑक्टोबरात आणि एकदा मार्चअखेरीस. दोन्ही फोटो स्वतःच्या डोळ्यांनी बघायचे होते.

ऑक्टोबरात रस्ता सरळ पाण्यात उतरतो. हे वाक्य शब्दशः घ्या. डांबर संपतं, मग खडी, मग चिखल, आणि मग जलाशय. पुढे जायचं तर तेप्पा, म्हणजे मोठ्या टोपलीसारखी गोल होडी. हाकणाऱ्या अण्णांना मराठी येत नव्हतं, मला कन्नड जेमतेम; पण तेप्प्यात मधोमध बसायचं आणि उठायचं नाही, एवढं त्यांनी हातवाऱ्यांनी नीट समजावलं. जवळ गेल्यावर भिंतींवर पाणकावळे पंख पसरून बसलेले दिसले. तेप्पा कमानीच्या बाजूने गेला तेव्हा कमानीचा वरचा भाग माझ्या डोक्याच्या थोडासाच वर होता. जिथे लोक मान वर करून बघत असतील, तिथे मी हात लांबवून विटेला स्पर्श केला.

या चर्चचं नाव रोझरी चर्च. रोझरी म्हणजे कॅथलिक लोकांची जपमाळ. वसईत किंवा गोव्यात तुमचे कॅथलिक मित्र असतील तर त्यांना विचारा, ऑक्टोबर हा जपमाळेचा महिना आणि ७ ऑक्टोबर हा जपमाळेच्या राणीचा, म्हणजे मारियेचा सण. आणि नैर्ऋत्य मोसमी पावसाने भरलेलं हेमावतीचं धरण नेमकं याच सुमाराला काठोकाठ असतं. ज्या महिन्यात या चर्चमध्ये सर्वांत जास्त गर्दी व्हायला हवी, त्या महिन्यात ते पाण्यात उभं असतं. धरणाचं वेळापत्रक आखणाऱ्या कुणी हे मुद्दाम केलेलं नाही. पण मला त्या तेप्प्यात बसून हेच पुन्हापुन्हा जाणवत होतं, की एका इमारतीचं पंचांग काढून घेऊन तिला दुसरं देण्यात आलं आहे.

आधी पहिल्या पंचांगाचं बघू.

गाइड आणि रील बनवणारे हमखास एक नाव घेतात, आबे दुब्वा. हा फ्रेंच मिशनरी खरा आणि त्याची गोष्टही भन्नाट. फ्रेंच राज्यक्रांतीच्या धामधुमीत तो १७९२ साली भारतात आला. १७९९मध्ये टिपूचा पाडाव झाल्यानंतर म्हैसूर भागात काम करू लागला. इथल्या लोकांसारखा पोशाख करून राहिला, देवीची लस टोचून घ्यायला लोकांना तयार केलं, गरीब ख्रिस्ती कुटुंबांसाठी शेतीच्या वसाहती उभ्या केल्या. हिंदू चालीरीतींवरचं त्याचं हस्तलिखित ईस्ट इंडिया कंपनीने विकत घेतलं आणि १८१६ साली ते इंग्रजीत छापलं. पण दुब्वा १८२३ साली फ्रान्सला परत गेला आणि १८४८मध्ये तिथेच वारला. १८६०च्या दशकातलं चर्च त्याने बांधलेलं असू शकत नाही. साधं वजाबाकीचं गणित आहे.

मग ते उभं राहिलं कसं? अठराव्या शतकात पोपने जेझुइट संघ बरखास्त केल्यावर दक्षिण भारतातलं त्यांचं काम पॅरिसच्या परदेशी मिशन संस्थेकडे आलं. दुब्वा याच संस्थेचा. पुढे १८५० साली म्हैसूरला स्वतंत्र व्हिकारिएटचा दर्जा मिळाला, स्वतःचा बिशप आला. आतापर्यंत फिरत्या पाद्र्यांवर आणि साध्या प्रार्थनाघरांवर चालणाऱ्या मिशनला पक्क्या इमारती बांधणं त्यानंतर परवडू लागलं. शेट्टीहळ्ळी या लाटेतलं. दुब्वाने वसाहतींचं बी पेरलं असेल, पण विटा रचल्या गेल्या त्या पुढच्या पिढीत.

दुसरी गोष्ट सांगतात ती अशी, की आलूर-सकलेशपूरच्या श्रीमंत ब्रिटिश मळेवाल्यांसाठी हे चर्च बांधलं. इथेही थोडं थांबायला हवं. ब्रिटिश मळेवाले बहुतेक प्रोटेस्टंट. फ्रेंच कॅथलिक पाद्री जपमाळेच्या राणीच्या नावाचं चर्च खेड्यात बांधतात, तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर प्रामुख्याने गावातली माणसं असतात. कन्नड बोलणारी, शेती करणारी, रविवारी मिस्साला येणारी. या दोन्ही लोकप्रिय गोष्टींत एक साम्य आहे. बांधणारा परदेशी, वापरणारा परदेशी, आणि गावातली माणसं कुठेच नाहीत. गोष्टीतून माणसं आधी गेली की पाण्याखाली काय गेलं हा प्रश्नच पडत नाही.

मार्चमध्ये मी चालत आत गेलो. ऑक्टोबरात जिथे तेप्पा फिरला होता तिथे सुकलेला गाळ होता, फरशीसारखा तडकलेला. आत शिरल्यावर पहिल्यांदा लक्षात येतं की ही एकेकाळी वापरातली, ऐसपैस जागा होती. दोन्ही बाजूंना कमानींची रांग, टोकाला वेदीची अर्धगोलाकार जागा, भिंतीत मूर्तींसाठी कोनाडे. मूर्ती नाहीत, बाकं नाहीत, खिडक्यांना काचा नाहीत. वर थेट आभाळ. भिंतींवर पाण्याच्या पातळीचे पट्टे आहेत, एकाखाली एक, आंघोळीच्या बादलीच्या आत उमटतात तसे. खालच्या गिलाव्यावर खिळ्याने कोरलेली बदामं आणि नावं. बाहेर एक जोडपं प्री-वेडिंग शूट करत होतं. मला त्यात वाईट वाटण्यासारखं काही दिसलं नाही. याच भिंतींत शंभर वर्षं लग्नं लागली. त्या मुलामुलीला कुणीतरी हे सांगितलं असतं तर बरं झालं असतं, इतकंच.

आता दुसरं पंचांग.

हेमावती पश्चिम घाटात, चिकमगळूर जिल्ह्यात उगम पावते. सकलेशपूरच्या कॉफीच्या मळ्यांवरून हासनकडे येते आणि पुढे कृष्णराजसागर धरणाच्या पाण्यात कावेरीला मिळते. म्हणजे ती कावेरीची उपनदी, आणि म्हणूनच तिच्यावरचं कुठलंही धरण हा कावेरीच्या भांडणाचा भाग. ते भांडण १८९२च्या म्हैसूर-मद्रास करारापासूनचं. १८ फेब्रुवारी १९२४ला दुसरा करार झाला. म्हैसूरने कृष्णराजसागर बांधायचं, मद्रासने मेट्टूर. उपनद्यांवर पुढेमागे जलाशय बांधता येतील याच्या अटीही त्यात घातल्या होत्या, आणि त्या उपनद्यांच्या यादीत हेमावती होती. करारातल्या काही कलमांचा पन्नास वर्षांनी, म्हणजे १९७४ साली, फेरविचार होणार होता.

साठच्या दशकापासून म्हैसूर राज्याने, म्हणजे आजच्या कर्नाटकाने, हेमावती, कबिनी, हारंगी अशी धरणं हाती घेतली. तामिळनाडूचा विरोध होता. नियोजन आयोगाची मंजुरी नव्हती, म्हणून राज्याने योजनेबाहेरचा स्वतःचा पैसा घातला. १९७४ जवळ येत होतं आणि पाण्याच्या भांडणात एक जुना नियम चालतो: जो पाणी वापरतोय त्याचा हक्क नाकारणं अवघड जातं. अशा घाईत बांधलेल्या धरणाखाली येणाऱ्या गावांचं काय, या प्रश्नाला फार जागा उरत नाही.

गोरूरजवळचं धरण १९७९मध्ये पूर्ण झालं. पूर्ण भरल्यावर त्याची पातळी समुद्रसपाटीपासून २९२२ फूट आणि साठा सुमारे ३७ टीएमसी. कर्नाटकातली वर्तमानपत्रं पावसाळ्यात रोज धरणांच्या पातळीचा तक्ता छापतात. पूर्ण पातळी अमुक, आजची अमुक, आवक अमुक, विसर्ग अमुक. आपल्याकडे कोयना-उजनीचा छापतात तसाच. शेट्टीहळ्ळीच्या चर्चचं पंचांग म्हणजे हा तक्ता. आकडा २९२२च्या जवळ गेला की भिंती पाण्यात, कालव्यांना पाणी सोडलं की हळूहळू उघड्या. दुष्काळी वर्षी धरण भरत नाही आणि चर्च कोरडं राहतं. तामिळनाडूने पाणी मागितलं, कर्नाटकाने सोडलं किंवा अडवलं, तर त्याचा माग या भिंतीवरच्या पट्ट्यांत उमटतो. १९९० साली लवाद नेमला गेला, २००७ला त्याने अंतिम निवाडा दिला, २०१८ला सर्वोच्च न्यायालयाने वाटे पक्के केले. या सगळ्या कागदांत टीएमसीचे आकडे आहेत. बुडालेल्या गावांचा वाटा मोजायला त्यात एकक नाही.

माझं ऐकून कुणी म्हणेल, धरण बांधायचंच नव्हतं का? मी असं म्हणत नाही, आणि मला म्हणता येणारही नाही. हेमावतीच्या कालव्यांवर हासन, मंड्या, तुमकूर जिल्ह्यांतली शेती उभी आहे. आणि बंगळुरूचं काय? १९७४पासून या शहराला कावेरीचं पाणी सुमारे शंभर किलोमीटरवरून पंपांनी वर चढवून आणलं जातं. हेमावती कावेरीतच येते, त्यामुळे माझ्या नळाच्या पाण्यात थोडी हेमावती असतेच. कामाच्या निमित्ताने या शहरात येऊन राहिलेल्या हजारो मराठी माणसांच्या नळातही असते. शेट्टीहळ्ळी हे आमच्यासाठी वीकेंडचं ठिकाण आहे, पण त्याआधी ते आमच्या पाणीपट्टीचा न छापलेला भाग आहे.

प्रश्न धरण हवं की नको हा राहिलेला नाही. बुडवताना काय उचलायचं आणि काय सोडून द्यायचं, हे कसं ठरतं, हा आहे. गोव्याचं उदाहरण बघा. सांगे तालुक्यातलं कुर्डी हे गाव ऐंशीच्या दशकात साळावली धरणाखाली गेलं. गानतपस्विनी मोगूबाई कुर्डीकर यांचं हे गाव. त्यांच्या आडनावात ते अजून कोरडं आहे. कुर्डीचं कदंबकाळातलं महादेवाचं दगडी देऊळ पुरातत्त्व खात्याने एकेक दगड सुटा करून धरणाजवळ नेऊन पुन्हा उभं केलं. आंध्रातही श्रीशैलम धरणाच्या वेळी आलमपूरजवळची प्राचीन मंदिरं अशीच हलवली. म्हणजे इमारत हलवणं अशक्य नव्हतं. ती हलवण्याजोगी आहे असं कुणीतरी ठरवावं लागतं, आणि ते ठरतं वयावरून. शेट्टीहळ्ळीचं चर्च तेव्हा जेमतेम एकशेदहा वर्षांचं होतं. पुरातत्त्वाच्या दृष्टीने फारच तरुण. शिवाय विटा-चुन्याचं बांधकाम दगडासारखं सुटं करून पुन्हा जोडता येत नाही. जुनं म्हणून जपावं इतकं जुनं नाही, आणि चालतं म्हणून वाचवावं इतकी त्या वापरणाऱ्यांची ताकद नाही. या दोन्हींच्या मधे जे सापडतं ते बुडतं.

माणसांनाही हाच नियम लागला. धरणग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा करण्यात महाराष्ट्र पुढे होता, आपला कायदा १९७६चा. कर्नाटकाचा तसा कायदा १९८७चा, म्हणजे गोरूरचं धरण भरून गेल्यानंतरचा. हेमावतीच्या बुडीत क्षेत्रातून उठलेल्यांच्या हाताशी १८९४चा इंग्रजी भूसंपादन कायदा होता. त्यात जमिनीची किंमत मोजली जायची. गावाची, शेजाराची, दफनभूमीची नाही.

चर्चच्या भिंती आता किती दिवस टिकतील? हे समजायला इंजिनीअर असायची गरज नाही. वीट आणि चुना दोन्ही पाणी शोषतात. जलाशय भरलेला असताना भिंतीच्या आत आणि बाहेर दोन्हीकडे पाणी असतं, त्यामुळे दाब सारखा राहतो. पातळी उतरते तेव्हा बाहेरचं पाणी पटकन जातं, आतलं मुरलेलं हळूहळू झिरपतं आणि जाताना चुना थोडाथोडा धुऊन नेतं. मग उन्हाळ्यात भिंत कडकडीत वाळते, भेगा पडतात, भेगांत मुळं शिरतात. पुढच्या पावसात पुन्हा तेच. दक्षिणेत जुन्या चुन्यात गूळ, हिरडा, अंड्यातला पांढरा भाग मिसळायची रीत होती, इथेही गूळ आणि अंडी घातली होती असं सांगतात. असेलही, पण गेल्या पंचेचाळीसहून जास्त वर्षांच्या या ओल्या-कोरड्या फेऱ्यांसाठी तो चुना केलेला नव्हता. शिवाय छप्पर गेल्यामुळे समोरासमोरच्या भिंतींना एकमेकींचा आधार नाही. आणि कमानी एकमेकींवर रेलून उभ्या असतात. प्रत्येक कमान शेजारच्या खांबाला बाहेर ढकलते, शेजारची कमान तिला उलटं ढकलते. एक पडली की उरलेलीला रेलायला कुणी नसतं. मार्चमध्ये मला जमिनीवर विटांचे असे ढीग दिसले, ज्यांच्या कडा अजून ताज्या होत्या.

पण विटांपेक्षाही घाईची एक गोष्ट आहे. धरण पूर्ण झालं तेव्हा जो मुलगा दहा वर्षांचा होता, तो आज पंचावन्नच्या पुढे आहे. इथे ज्यांचं लग्न लागलं त्या बायका आज सत्तरीच्या आसपास किंवा पुढे. घंटा कुठे टांगलेली होती, सणाच्या दिवशी गावात काय शिजायचं, बाकांवर कोण कुठे बसायचं, शेवटची मिस्सा कोणत्या महिन्यात झाली, गाव सोडताना मेलेल्यांचं काय केलं, हे सांगू शकणारी माणसं अजून हासन जिल्ह्यात आहेत. ती आणि त्या भिंती साधारण एकाच वेळी संपणार आहेत. ड्रोनने काढलेले हजारो व्हिडिओ मागे राहतील आणि त्यांतल्या एकातही आतून बघितलेलं चर्च नसेल.

तुम्ही जाणार असाल तर जरूर जा. भिंतींवर चढू नका, कमानीखाली उभे राहू नका, तेप्प्यात बसणार असाल तर लाइफ जॅकेट मागा. आणि फोटो काढून झाले की लगेच गाडीला स्टार्टर मारू नका. जवळच्या गावात चहा प्या. एखाद्या अज्जीला किंवा अज्जांना त्या चर्चबद्दल विचारा, कन्नड येत नसेल तर येणारा मित्र बरोबर न्या, त्यांची परवानगी घेऊन फोनवर रेकॉर्ड करा आणि ते रेकॉर्डिंग त्यांच्याच नातवंडांना पाठवा. आपल्या जवळही हे करता येईल. उजनीचं पाणी उतरलं की पळसदेवचं देऊळ वर येतं आणि दर काही वर्षांनी त्याच्या बातम्या होतात. ती बातमी वाचताना देवळासोबत उठून गेलेलं गाव आज कुठे राहतं, हे किती जणांनी विचारलंय?

मी हे लिहितोय तेव्हा पावसाळा सुरू झालाय. सकलेशपूरला जोरदार पाऊस आहे आणि हेमावतीत आवक वाढतेय, असं आजच्या तक्त्यात आहे. अजून काही आठवड्यांत वेदीच्या पायऱ्या बुडतील, मग कोनाडे, मग कमानींचे खांदे. ऑक्टोबरपर्यंत, रोझरीच्या महिन्यापर्यंत, बहुधा धरण भरलेलं असेल.